मोरीत ओतलेली हळद

झाशी, दतिया दरवाजाबाहेर
भाद्रपद वद्य तृतीया

प्रिय प्रमोदिनी,

आशीर्वाद तुला आणि माझ्या जानकीला. राग फक्त तुझ्या वडिलांवर, तोही अर्धाच. हे पत्र टपालाने आलं नाही म्हणून बुचकळ्यात पडू नकोस. आपल्या गल्लीतल्या राधाबाई सासऱ्यांच्या पक्षाला तुझ्या माहेरगावी, गुरसरायला निघाल्या, त्यांच्या पिशवीत मी ते मुद्दाम घातलं. का, ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तू मधलं काही वाचायची नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. राधाबाईंना आधी पाटावर बसवून पाणी दे, लॉरीच्या धक्क्यांनी त्यांची कंबर धरली असेल. आणि जानकीला दात येताहेत असं माझा जनार्दन म्हणाला, तर हाताशी येईल ते चावायला देऊ नकोस. बारशाला मी दिलेला चांदीचा खुळखुळा उकळत्या पाण्यातून काढून दे.

भीमरावव्याह्यांचा निरोप पोचला. पाणी शिरतं त्या घरात मुलगी आणि नात पाठवणार नाही, जावईबापूंनी बीना जंक्शनला बदली मागून घ्यावी, तिथे रेल्वेचं क्वार्टर उंचावर मिळतं, असा. शब्द कडू होते, पण खोटे नव्हते. मला वाईट वाटलं का? वाटलं. नातीला मी पाहिलं ते बारशाच्या दिवशी, तेही सतरा बायकांच्या हातांतून माझ्या हातात येईपर्यंत ती रडून लाल झालेली. तेव्हापासून घरी पाळण्याची कडी तुळईला तशीच लटकते आहे आणि येताजाता माझ्या कपाळाला लागते. पण खरं सांगू? निरोप ऐकून मी मनात म्हटलं, मी प्रमोदिनीची आई असते तर हाच निरोप पाठवला असता, आणि वर दोन शिव्या जास्त घातल्या असत्या.

कारण गेल्या वर्षीचं मी विसरलेली नाही. गौरीजेवणाच्या दिवशीची सकाळ, बाहेर पाऊस कोसळतोय, गल्लीत पाणी चढतंय, आणि तुझे मामंजी पुढच्या दाराशी एखाद्या सेनापतीसारखे उभे! रेल्वेच्या नकाशांवर रेघा मारण्यात त्यांचा सारा जन्म गेला, त्यामुळे पाण्याला कुठे अडवायचं हे फक्त आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. जनार्दनाला हाताशी घेऊन वाळूची पोती रचली, फटींत चिखल भरला, वर फळी ठोकली. पुढच्या दारातून थेंब आत आला नाही हो, थेंब नाही! मामंजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, बघा. आणि तेवढ्यात स्वैपाकघरातून तुझी हाक आली. मोरीतून काळं पाणी गुडगुडत वर येत होतं, पुरणाचं पातेलं तरंगत चुलीकडे निघालं होतं, आणि तू देव्हारा उचलायला धावलीस ती घसरून पडलीस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. वरून पुढची पोती ते पाणी बाहेरही जाऊ देईनात. आपणच आपल्या घराचा हौद केला.

तुला तेव्हा दिवस गेलेले होते, आणि ते ठाऊक असलेली घरात मी एकटी. तुझं मनगट सुजलं होतं, तरी त्याच हाताने बांबूची शिडी धरून तू शेजारच्या कक्कोच्या अटारीवर चढलीस. मी खालून तुझे पाय धरले होते. चैत्रात जानकी धडधाकट जन्मली तेव्हा मी लक्ष्मी तालावर जाऊन तळ्याकाठच्या महालक्ष्मीची ओटी भरली आणि तिथेच बसून मनसोक्त रडले. पुजारी म्हणाला, माताजी, नातनी हुई तो रो काहे रही हो? त्याला वाटलं, मुलगी झाली म्हणून रडते! त्याला काय झापलंय म्हणतेस.

त्या दिवशी कक्कोच्या घरातल्या बायका काय म्हणाल्या ते तू ऐकलंस. मराठन के घर में पानी चौका से आउत! हसल्या मेल्या, पण त्यात खोटं काही नव्हतं. अख्ख्या गल्लीत पाणी लोकांच्या दारातून आलं आणि आपल्या एकट्यांच्या चुलीजवळून. मी नंतर बसून विचार केला की असं का, तर उत्तर तिथेच होतं. इथल्या लोकांची धुणीभांडी अंगणात. आपल्या लोकांना मोरी हवी ती स्वैपाकघरातच, चुलीपुढून उठायला नको, हात लांब केला की खरकटं पाणी ओतता यावं अशी. दीडदोनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज दक्षिणेतून इकडे आले, येताना देव आणले, पाटावरवंटा आणला आणि ही मोरीची सवय आणली. बाकी सगळं बदललं, जनार्दन तर स्वप्नंही हिंदीत बघत असेल, पण मोरी हलली नाही. आणि तिचं दुसरं तोंड कुठे उघडतं, याचा विचार सासूबाईंनी केला नाही, त्यांच्या सासूबाईंनीही नाही. पाणी ओतलं की जातं, एवढंच सगळ्यांना माहीत. जाणारं पाणी त्याच वाटेने परत येऊ शकतं, हे कोणाच्या डोक्यात यावं!

तू माघात माहेरी गेलीस आणि घर खायला उठलं. त्या रिकामपणात मी ठरवलं की आता कानाला खडा, पाण्याला शिव्या देत बसायचं नाही, ते येतं कुठून ते बघायचं. उन्हाळा लागल्यावर एके दिवशी घागरभर पाण्यात मूठभर हळद कालवली, मोरीत ओतली आणि पदर खोचून बाहेर पळाले. मामंजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि परत वाचू लागले. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणूस विचारायचं सोडून देतो. मी घराला वळसा घालून गेले, तर पिवळं पाणी आपल्या मागच्या भिंतीखालून निघालं, कक्कोच्या परसदारावरून वाहत गेलं आणि सरळ नाल्यात! आणि कक्को तिथे शेण्या थापत बसलेली. दारासमोरून हळदीचं पाणी वाहताना पाहून तिचा चेहरा असा झाला की काय सांगू. काय बाई, जो का टोटका कर रईं हमाए दोरे पे? तिला वाटलं, मी करणी करतेय! मी हसून हसून खाली बसले. तिला समजावलं, तेव्हा ती उठून आत गेली आणि आपली हळद घेऊन आली. म्हणाली, हमाओ बी देख लो. त्या दिवशी गल्लीतल्या चार घरांच्या मोऱ्या आणि नाल्या आम्ही दोघींनी पिवळ्या केल्या.

मग नाला कुठे जातो हे बघत आम्ही रेल्वेच्या भरावापर्यंत चालत गेलो. तिथे रुळांखालून एक पुलिया आहे, बुटकीशी. आपलं सगळं पाणी त्या एका तोंडातून पलीकडे पहुज नदीकडे जातं. आणि त्या तोंडात काय होतं? आपल्याच गल्लीची फुटकी टोपली, केळीचे खांब, चिंध्या, मडकी, मोडकी खाट. एक जोडा मला ओळखीचा वाटला, जनार्दनाचा असावा. म्हणजे पाऊस पडतो, नाला भरतो, पुलियाशी अडतो, भरावाला धडकून मागे फिरतो आणि येतो आपल्या घरी जेवायला. त्यात देवाचा कोप नाही आणि आपल्या नशिबाचा फेराही नाही, प्रमोदिनी. ते कळलं त्या क्षणी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ज्याची वाट कळली त्याची वाट अडवता येते, निदान त्याच्या वाटेतून बाजूला तरी होता येतं.

आता तुला ठाऊकच आहे, त्या पुलियाजवळचा वड हाच आपला वड. कक्कोकडच्या बायकांची वडाची पूजा त्यांच्या ज्येष्ठातल्या अमावस्येला आणि आपली पुढच्या पौर्णिमेला. एवढी वर्षं आम्ही एकमेकींना हसत आलो की तुमचे नवरे पंधरा दिवस आधी जगतात का नंतर. यंदा कक्कोने अमावस्येला पूजा झाल्यावर गल्लीतल्या पुरुषांना फर्मान काढलं की आधी पुलिया साफ करा, मग प्रसाद. केली बिचाऱ्यांनी, कुरकुरत. पौर्णिमेला मी आणि राधाबाई सूत गुंडाळायला गेलो, तर पुलियात परत कचरा! मग मी आपल्या पुरुषांना तेच सांगितलं. अशी ती एकाच महिन्यात दोनदा साफ झाली, आणि आता हा नेमच पडलाय. नवऱ्यासाठी सात जन्म मागायचे तर त्याने एक पुलिया उपसायला काय हरकत आहे?

घरात काय केलं तेही सांगते, कारण तुला ते डोळ्यांसमोर दिसायला हवं. मोरीचा दगडी काठ वीतभर उंच केला. बाभळीच्या लाकडाचं बूच करून घेतलं, त्याला गोणपाट गुंडाळलंय, आणि ते चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असतं. पाऊस लागून राहिला की ते ठोकायचं आणि वर वरवंटा ठेवायचा, खरकटं पाणी बादलीत. मोरीच्या बाहेरच्या तोंडाला मामंजींनी झडप बसवली. ती कल्पना त्यांचीच, श्रेय मी चोरत नाही. कबाड्याकडून पत्रा आणला, त्याला चामडं शिवलं. आतून पाणी गेलं की उघडते, बाहेरून रेटलं की मिटते. त्या टीचभर झडपेचा त्यांनी एवढा मोठा नकाशा काढला की तो वाळवायला दोन पाट लागले. पण चालते हो, झकास चालते! चालली त्या दिवशी ते दहा वेळा मोरीत पाणी ओतून बाहेर बघायला गेले. सर्दी झाली, पण कबूल करेनात.

गहू-तांदूळ पोत्यांतून काढून पिंपांत भरले आणि पिंपं दगडी कट्ट्यावर चढवली. देवांना उंच कोनाड्यात बढती मिळाली. घराची कागदपत्रं, तुझं स्त्रीधन, जानकीची कुंडली, सगळं पत्र्याच्या पेटीत माळ्यावर. सरपणाची रास मागच्या भिंतीपासून हलवली, गेल्या वर्षी तिच्यातूनच साप निघाला होता. कंदील, काड्यापेटी, सुंठ, ओवा आणि जुनेराची घडी एका डब्यात, आणि तो डबा कोणी हलवायचा नाही अशी माझी सक्त ताकीद. पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा प्यायच्या पाण्याच्या घागरी भरून कोनाड्यात ठेवायच्या, कारण नंतर विहीर गढुळते. विहिरीत लाल औषध पडेपर्यंत त्यातला थेंब तोंडात घालायचा नाही, आणि घालायचाच तर उकळून. आणि पळायची वेळ आलीच तर नाल्याच्या बाजूला जायचं नाही, दतिया दरवाजाच्या चढाकडे जायचं. कक्कोच्या अटारीतून नाला दिसतो, म्हणून ठरलंय की पाणी पुलियाच्या कमानीला टेकलं की ती थाळी बडवेल. रात्र असो वा दिवस.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जिना. शिडी मी मोडून चुलीत घातली. तिच्यावर तुझे पाय मी धरले होते, ती मला घरात नको होती. अंगणातून धाब्यापर्यंत दगडी पायऱ्या केल्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, वर पत्र्याची शेड. बाळ कडेवर असताना चढता येतं का, हे बघायला कोण होतं? मग मी एक चांगला मोठा कोहळा कडेवर घेतला, दुसऱ्या हातात घागर घेतली आणि चढून पाहिलं. मधल्या दोन पायऱ्या उंच वाटल्या. गवंड्याला म्हटलं, भैया, ये तोड़ो. तो म्हणाला, माताजी, कोहळे के लिए? मी म्हटलं, कोहळे का नाम जानकी है! त्या तोडून परत केल्या. आता तू चढशील तेव्हा तुला दम लागणार नाही.

आणि ती रेघ. गेल्या वर्षीचं पाणी स्वैपाकघराच्या भिंतीवर जिथवर आलं तिथे डाग पडला होता. दिवाळीला मामंजी म्हणाले, चुना मारून टाकू, बघवत नाही. मी मारू दिला नाही. उलट त्यावर गेरूने ठळक रेघ ओढली. येणाराजाणारा विचारतो, ही कसली नक्षी? मी सांगते, आमच्याकडे पाहुणा आला होता, तो इथवर बसला. मामंजींना ते आवडत नाही. त्यांना वाटतं, घराची अब्रू जाते. मला वाटतं, रेघ दिसली की पिंप खाली ठेवायला हात धजत नाही.

आणि पाहुणा यंदाही आला, प्रमोदिनी. गौरी बोळवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन दिवस झड लागली होती, मी तव्यावर पोळी टाकलेली, आणि कक्कोची थाळी वाजली. मामंजी सवयीने पुढच्या दाराकडे धावले. मी ओरडले, आधी मोरी! एवढी वर्षं अहो-जाहो केलं, त्या दिवशी सगळं विसरले. जनार्दनाने बूच ठोकलं, मी वरवंटा ठेवला आणि तिथेच बसले, त्यावर हात ठेवून. अंगणात पाणी चढत होतं. पलीकडे झडपेवर पाणी धडका मारत होतं, ते मला हाताखाली कळत होतं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मी रेघेकडे बघत होते आणि मनात एकच, ये रे बाबा किती यायचं ते, पण इथून नाही. चुलीत विस्तव होता. पोळी करपली. दुपारपर्यंत पाणी अंगणातल्या दुसऱ्या पायरीला टेकलं, तिथे थांबलं आणि ओसरायला लागलं. पुलिया वाहत होती ना! गेल्या वर्षी ते पाणी चार दिवस मुक्काम ठोकून होतं, यंदा संध्याकाळी गल्लीत चिखल तेवढा उरला.

मोरीतून थेंब आला नाही. पण सगळं कोरडं राहिलं असंही नाही. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीतून पाझरलं, तिथला गिलावा पडला, तो दिवाळीआधी करायचाय. तुळशीवृंदावन बुडालं. मामंजींनी माझी नजर चुकवून गव्हाचं एक पोतं त्याच भिंतीशी खाली ठेवलं होतं, ते भिजलं. दोन दिवस ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. आणि तुझ्या जानकीच्या जिन्यावर पहिला पाय कोणी ठेवला असेल? कक्कोच्या शेळीने! पाण्याला घाबरून चढली ती वरच्या शेडमध्ये जाऊन बसली आणि वाळत घातलेलं माझं लुगडं पदरापासून खायला लागली. कक्को इकडून हाका मारतेय, मी तिकडून, आणि मध्येच दोघी हसायला लागलो. गेल्या वर्षी याच दिवसांत आपण सगळे रडत होतो, हे तेव्हा मला आठवलं.

आता हे पत्र टपालाने का नाही, ते सांगते. त्या संध्याकाळी चिखल उपसून झाल्यावर मामंजी आणि जनार्दन ओसरीवर बसले आणि त्यांनी ठरवलं की गुरसरायला कळवायचं, यंदा पाणी आलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले. दसऱ्यानंतर सून येईल, नात येईल, मग हळूहळू सांगू. मामंजींचं तसं पत्र त्यांच्या मोत्यांसारख्या अक्षरात टपालात पडलंय, एकदोन दिवसांत मिळेल. हे पत्र टपालात टाकायला त्यांच्याच हाती द्यावं लागलं असतं, म्हणून राधाबाईंची पिशवी. त्यांच्यावर रागावू नकोस, जानकीच्या ओढीने ते असं वागले. मलाही ओढ आहे. गप्प बसले तर तू येशील, हेही मला कळतं. पण मग पुढच्या पावसात कक्कोची थाळी वाजेल, आणि पाणी येत नाही असं सांगून आणलेली तू बूच कुठे टांगलंय हे न विचारता देव्हारा उचलायला धावशील. ते मला नको. पाणी येतं, बाई. या वर्षी आलं, पुढच्या वर्षी कदाचित येणार नाही, पण कधीतरी परत येईल, आणि गेल्या वर्षीच्या रेघेच्या वरही जाईल. तेव्हा जिना चढायचा. हे सगळं ठाऊक असून तू आलीस तरच ये. बीना ठरवलंत तर जनार्दनाचा अर्ज मी स्वतः नेऊन देईन, तोंड वाकडं करणार नाही, रडले तर लक्ष्मी तालावर जाऊन रडेन. राधाबाईंच्या पिशवीत हळदीची एक पुडी आहे. बीनाला गेलीस तर सामान लावायच्या आधी ती पाण्यात कालवून त्या घरच्या मोरीत ओत आणि बाहेर जाऊन बघ, पिवळं पाणी कुठे निघतं ते. उंचावरच्या क्वार्टरलाही मोरी असतेच. आणि इकडे यायचं ठरवलंस, तर पुडी फोडू नकोस, तशीच परत आण. इथल्या मोरीची वाट मला पाठ आहे. त्या हळदीने मी उंबरा सारवीन आणि तू जानकीला घेऊन आत ये.

तुझीच,
सासू म्हण, आई म्हण,
पार्वती